हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना उजाडला की आपल्या देशातले लाखो निवृत्त लोक आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला घराबाहेर पडतात. बँकेत जायचं, फॉर्म भरायचा, सही करायची. समोरच्यानं मान डोलावली की पुढच्या वर्षापर्यंत जगायला मोकळे. आमच्या इमारतीत एक निवृत्त अभियंते आहेत. ते या कामाला इस्त्रीचा शर्ट घालून जातात. "जिवंत दिसायला नको का?" असं विचारतात. १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ नावाची सोय झाली. यंत्रावर बोट टेकवून, आणि अलीकडे तर मोबाइलपुढे चेहरा धरून, घरबसल्या जिवंत राहता येऊ लागलं. अभियंत्यांना ते पसंत नाही. त्यांचं म्हणणं असं, की या निमित्तानं वर्षातून एकदा तरी कुणीतरी आपल्याकडे नीट बघतं आणि ‘आहात’ म्हणून लिहून देतं. घरात एवढं कोण करतं?

त्यांच्या बायकोनं हे ऐकलं आणि त्या दिवशी त्यांना चहा उशिरा मिळाला. पण मुद्दा खरा होता. तुम्ही आहात की नाही, एवढंच सरकार विचारतं. तुमच्या असण्यानं काय झालं, हे विचारणारा फॉर्म अजून निघालेला नाही. तो निघाला, तर आपल्याकडची कितीतरी माणसं त्यातले सगळे रकाने कोरे ठेवून खाली अंगठा उठवतील. आणि गंमत म्हणजे, सगळ्यात जास्त काम केलेली माणसंच रकाने कोरे ठेवतील.

आमची आत्ती त्यातलीच.

आत्ती माणदेशातली. म्हसवडपासून आत, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आत निघून जातो, अशा गावात तिचं सासर. जन्मतारीख आधारकार्डावर १ जानेवारी आहे; तिच्या वयाच्या निम्म्या गावाचीही तीच आहे. शाळेचं तोंड पाहिलं नाही. तिचे मालक, आमचे मामा, मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होते. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गेटवर जायचं, कायमचा गडी आला नसेल तर काम, आला असेल तर परत खोलीवर. कायम होता होता १८ जानेवारी १९८२ उजाडली, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मामा एक ट्रंक व एक खोकला घेऊन गावी आले. दोन्ही शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिले. तेव्हापासून, खरं तर त्याच्या आधीपासून, घर ओढलं ते आत्तीनं. लोकांच्या रानात खुरपणी, बाजरीची कापणी, वीटभट्टी, विहिरीचं काम, परत खुरपणी.

आता आत्तीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. मिळतात म्हणजे खात्यावर येतात. ते हातात यायला बँक मित्राच्या, म्हणजे गावात बँकेचं काम बघणाऱ्या पोराच्या, छोट्या यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. आणि आत्तीचा अंगठा येत नाही.

"आज्जी, अंगठा पुसा," तो पोरगा म्हणायचा. आत्ती पुसायची. "आता थोडं तेल लावून बघू." तेल लागायचं. "तेल जास्त झालं, परत पुसा." मग दुसरा हात, मग तर्जनी, मग मधलं बोट. यंत्र प्रत्येक बोटाला तोच लाल दिवा दाखवायचं. रांगेतले लोक सल्ले द्यायचे. एकानं लिंबू चोळायला सांगितलं, एकानं आदल्या रात्री मेंदी लावायला सांगितलं. आत्ती सगळ्यांचं ऐकायची आणि वर यंत्राचीच बाजू घ्यायची. "त्याचा काय दोष? त्यानं तरी कुठवर बघायचं?" मग पोराकडे वळून, ओशाळून, "माझ्यापायी तुझा येळ गेला बाबा," म्हणायची. एकदा तिनं येताना त्या पोरासाठी चार कच्च्या कैऱ्या नेल्या होत्या. यंत्राला काही खायला देता येत नव्हतं, म्हणून बिचारी अडून राहिली असावी.

दगड, माती, चुना, वीट आणि खुरप्याची मूठ यांनी माणसाच्या बोटांवरच्या रेषा घासून निघतात. ही एकट्या आत्तीची गोष्ट नाही. अंगमेहनत करणाऱ्या हजारो माणसांना रेशनच्या दुकानापासून बँकेपर्यंत हा लाल दिवा दिसला आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. म्हणजे बोटांवरून माणूस ओळखायच्या या योजनेची सुरुवात झाली तीच, ज्यांची बोटं झिजलेली असतात अशा लोकांच्या गावातून.

अंगठ्याचं नशीबही बघण्यासारखं आहे. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी एक करार केला आणि करार पक्का व्हावा म्हणून कागदाच्या मागे त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. ठसे घेण्याच्या आधुनिक इतिहासातलं हे पहिलं पान मानतात. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली, गुन्हेगार ओळखायला. अंगठा पोलिसांकडे गेला, सावकाराकडे तर तो आधीपासूनच होता. ज्याला सही येत नाही त्यानं अंगठा उठवायचा, आणि आयुष्यभर त्या निळ्या शाईची लाज बाळगायची, असा रिवाज पडला. निवडणुकीच्या भाषणात एकमेकांना ‘अंगठेबहाद्दर’ म्हणणं ही शिवी झाली. आणि आज? कलेक्टरपासून कॉलेजच्या प्राध्यापकापर्यंत सगळे सकाळी कचेरीत शिरताना अंगठा टेकवून शिरतात. सगळा शिकलेला महाराष्ट्र अंगठेबहाद्दर झाला. फक्त ज्यांच्याकडे अंगठ्याशिवाय काही नव्हतं, त्यांचाच अंगठा आता चालेना.

त्या जंगीपूरच्या करारातला माल कसला होता, हे कळलं तेव्हा मला आत्तीच आठवली. तो रस्त्यावर दाबायच्या खडी-मुरुमासारख्या मालाचा करार होता. आत्तीच्या अंगठ्याच्या रेषा पहिल्यांदा गेल्या त्या रस्त्याच्या खडीवरच.

साल १९७२. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला, त्यांच्या बोलण्यात तो अजून काल झाल्यासारखा येतो. मिलोची लाल ज्वारी, कामावर वाटलेली सुकडी, पाण्यासाठी रात्रभर विहिरीच्या तळाशी वाटी घेऊन बसणं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. गांधीवादी नेते वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली आणि १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात राज्यभर वापरली गेली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि त्याची अंमलबजावणी १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून सुरू झाली. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून १९७५ पासून जो व्यवसाय कर कापला जातो, तो याच हमीसाठी लावला गेला. आमच्या अभियंत्यांनी उभी हयात पगारपत्रकावरच्या त्या रकमेकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. तो कर कुणासाठी होता ते त्यांना मीच सांगितलं. तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्या आत्तींसारख्यांच्या पगारात माझेही दोन रुपये होते तर!" आणि दुसऱ्या दिवशी इमारतीत तसं सांगत सुटले.

आत्ती तेव्हा विशी-बाविशीची, कडेवर पोर. आधी रस्त्याची खडी, मग गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव. पोराला लिंबाला टांगलेल्या झोळीत घालायचं आणि पाट्या वाहायच्या. आठवड्याला हजेरीपत्रकावर अंगठा, मग पगार. तो रस्ता आजही आहे, वर डांबर आलं आहे. तलावही आहे, पाऊस बरा झाला तर त्याच्या खालच्या विहिरींना माघापर्यंत पाणी टिकतं.

आणि या सगळ्याबद्दल आत्ती मनापासून आभारी आहे. कोणाची? इथंच खरी गंमत आहे.

ती सरकारची आभारी आहे, त्यानं काम दिलं म्हणून. मुकादमाची आभारी आहे, तो पोराला पाजायला मध्ये सोडायचा म्हणून. शेजारणीची, तिनं एकदा पसाभर डाळ दिली म्हणून. ती डाळ केव्हाच परत केलेली आहे, आणि शेजारीण जाऊनही कैक वर्षं झाली, तरी तिच्या सुनेशी बोलताना आत्तीचा आवाज आजही खाली येतो. ती एसटीच्या ड्रायव्हरची आभारी आहे, तो गावापर्यंत गाडी आणतो म्हणून. ज्या रस्त्यावरून तो आणतो त्याची खडी कुणी फोडली, हा विचार तिच्या मनाला शिवत नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. आत्ती आधारकार्डाच्या कृपेनं त्यात बसली, तेव्हा तिला तो उपकार सोसेना. कंडक्टरला म्हणाली, "अर्धं तरी घे की. फुकाट बसलं तर अंग चोरल्यावानी वाटतंय." आणि खरोखरच सीटच्या टोकावर, अर्ध्या तिकिटाएवढ्या जागेत बसली.

कष्टात आयुष्य गेलेल्या माणसांची ही एक सवय असते. घेतलेलं सगळं त्यांच्या लक्षात राहतं, दिलेलं काहीच राहत नाही. त्यांच्या वहीत जमेची बाजू दुसऱ्यांच्या नावावर आणि खर्चाची स्वतःच्या. घरोघर हे दिसतं. भेट आलेली लुगडी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत म्हातारी होतात, कारण ‘घरात बसून काय नवं नेसायचं?’ सगळे जेवून उठले की भाकरीचा उरलेला चतकोर ‘मला शिळंच गोड लागतं’ म्हणून खाल्ला जातो. जन्मात कुणाला शिळं गोड लागलेलं नाही. आजारी पडलं तर डॉक्टरपेक्षा आपल्यामुळे कुणाचा खाडा झाला याची काळजी जास्त. आणि कुणी चुकून कौतुक केलंच, तर ‘माझं काय मेलीचं’ असं म्हणून ते कौतुक दारातूनच परत पाठवायचं.

यावर हल्ली शहरात उपाय सांगतात. व्याख्यानं असतात, शिबिरं असतात. आरशासमोर उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांत बघायचं आणि ‘मी अमूल्य आहे’ असं रोज सकाळी म्हणायचं. मी हे आत्तीला सांगून बघितलं. तिच्या घरातला आरसा तळहाताएवढा, मेढीला खिळ्यावर अडकवलेला. त्यात एका वेळी कपाळ तरी दिसतं, नाहीतर हनुवटी तरी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् ह्ये ऐकायला पैसं घेत्यात व्हय?" घेतात म्हटल्यावर तिला त्या व्याख्यात्याचंच कौतुक वाटलं.

मला वाटतं, आत्तीसारख्या माणसांना ‘तुम्ही थोर आहात’ असं सांगून काही उपयोग नसतो. त्यांचा शब्दांवर विश्वास नाही. शब्दांनी त्यांना फार वेळा फसवलं आहे. त्यांचा विश्वास मापावर आहे. पायली, ब्रास, पाटी, हजेरी. त्यांना त्यांचं मोल सांगायचं तर त्याच मापात सांगायला हवं.

हे त्याच मुलखात एकदा घडलंही आहे. म्हसवडच्या बायकांना स्वतःची बँक काढायची होती. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा त्यांच्यासोबत होत्या. अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि परत आला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी कित्येक जणींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. निरक्षरांच्या हाती बँक कशी द्यायची? बायका रडल्या-बिडल्या असतील, पण नंतर त्या अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी परत अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नव्हतं, पण हिशेब येतो. मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या साहेबांनीही यंत्राशिवाय काढावं, बघू कोणाचं आधी येतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या बायका काही अमूल्य वगैरे झाल्या नव्हत्या. आपल्याला काय येतं एवढंच त्यांनी मोजून दाखवलं होतं. तिकडे मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा भरली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठीच्या पुढच्या आज्या बाराखडी गिरवू लागल्या. वर्तमानपत्रांनी त्यांच्या गुलाबी लुगड्यांचे फोटो छापले. पण त्या वयात आपलं नाव आपल्या हातानं कागदावर उमटताना कसं वाटत असेल, ते फोटोत यायचं नाही.

आत्ती काही शाळेत गेली नाही. तिला शाळा घरबसल्या लागली, आणि तीही पाय मोडल्यामुळे.

गोठ्यात पाय घसरला, घोटा दुखावला, प्लास्टर पडलं आणि डॉक्टरांनी दीड महिना पाय खाली टेकवायला मनाई केली. आत्ती जन्मात पहिल्यांदा दिवसाढवळ्या खाटेवर बसली. पहिला आठवडा तिनं सुनेची माफी मागण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात बसल्या बसल्या शेंगा फोडायला मागितल्या. सुनेनं दिल्या नाहीत. सून चांगली खमकी आहे. त्याच सुमारास नातीला, म्हणजे माझ्या पुतणीला, शाळेत प्रकल्प मिळाला: ‘आमच्या गावातील पाण्याचे स्रोत’. पोरगी आठवीत, वही घेऊन खाटेवर येऊन बसली.

"आज्जी, पाझर तलाव कुणी बांधला?"

"सरकारनं."

पोरीनं लिहून घेतलं. मग पेन्सिल थांबवून विचारलं, "सरकारनं पाट्या उचलल्या?"

आत्ती जरा थांबली. "न्हाय. पाट्या आमीच उचलल्या की."

"मग सरकारनं काय केलं?"

"पगार दिला."

"म्हणजे बांधला तुम्ही," पोरगी म्हणाली, आणि ‘सरकारनं’ हा शब्द खोडरबरानं खोडला. आठवीतल्या पोरांना इतिहास किती सहज दुरुस्त करता येतो!

मग हिशेब सुरू झाला. पाटीत माती किती? धर दहा किलो. दिवसाला पाट्या किती? दोनशे तरी. म्हणजे दिवसाला दोन हजार किलो, दोन टन. नुसते शंभर दिवस धरले तरी दोनशे टन. पोरीनं वडिलांना विचारलं, मोठ्या ट्रकमध्ये किती टन मावतं? दहा धर, ते म्हणाले. पोरीनं वर बघून जाहीर केलं, "आज्जी, तू वीस ट्रक माती डोक्यावरून नेलीस!"

मी त्या वेळी ओसरीवर होतो. वीस ट्रक हे आत्तीला दिसले. शब्दांचं तिला कधी कौतुक नव्हतं, पण ट्रक तिनं बघितलेले होते. फाट्यावर ते ओळीनं उभे असतात तसे तिनं मनात उभे केले असावेत. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "त्यात पिण्याचं पाणी धरलंस का गं? दोन घागरी मी सकाळी आणायची, त्या येगळ्या."

आणि तिथून जे सुरू झालं ते आवरेना. खडीचे ब्रास आले. वीटभट्टीच्या विटा आल्या. गावातल्या बायकांच्या केलेल्या बाळंतपणांचा विषय निघाला आणि पाण्याचे स्रोत बाजूलाच राहिले. शिक्षकांनी दोन पानं सांगितली होती, वही संपत आली. सून स्वयंपाकघरातून ओरडली, "आत्याबाई, भाकरी पण धरा की!" तेव्हा दोघी सासवा-सुना मिळून रोजच्या भाकऱ्यांचा गुणाकार करायला बसल्या. त्या दिवशी जेवायला उशीर झाला, आणि आत्ती पहिल्या पंगतीला जेवली. खाटेवरून हलता येत नव्हतं हे कारण होतंच. पण ताट समोर आल्यावर ‘आधी पोरांना वाढ’ असं ती म्हणाली नाही.

या हिशेबानं तिचं आभार मानणं संपलं असं मात्र झालं नाही. उलट आता ते ऐकायला बरं वाटतं. पूर्वी ती आभार मानायची तेव्हा देणेकऱ्यासारखी वाकायची. आता शेजारणीच्या पसाभर डाळीची गोष्ट सांगताना ती पुढे जोडते, "तिचं धाकटं पोर आजारी हुतं तवा रातभर मी बसली हुती." दोन्ही गोष्टी एकाच दमात येतात. उपकाराचं ओझं उतरलं आणि राहिली ती त्या दोघींची सोबत. आपण कफल्लक आहोत असं समजून मानलेले आभार आणि आपणही चार गोष्टी दिल्या हे ठाऊक असून मानलेले आभार, यांत फरक आहे. पहिल्यात माणूस दबतो, दुसऱ्यात मोकळा होतो.

एका बाबतीत मात्र आत्तीनं साफ नकार दिला. कष्टानं माणूस घडतो, संकटांचे आभार मानावेत, असं आपण सुखवस्तू लोक फार बोलतो. मीही एकदा तिच्यापाशी बोलून गेलो की बहात्तरच्या दुष्काळानं तुला खंबीर केलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की उन्हात उभं राहिल्यासारखं वाटलं. "दुष्काळाचं कसलं आभार रं? त्यानं दोन म्हशी नेल्या. एक लेकरू नेलं. ज्यांनी हात दिला त्यांचं नाव घे. त्याचं कशापाय?" एवढं बोलून तिनं पान जुळवायला घेतलं. मी पुढे काही बोललो नाही, आणि त्यानंतर संकटांची थोरवी सांगणारं कुठलंही व्याख्यान मी पूर्ण ऐकलेलं नाही.

बोटांवरच्या रेषांबद्दल एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. त्या आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून घडायला लागतात, आणि त्यांची मूळ नक्षी कातडीच्या खालच्या थरात असते. दगडा-मातीनं घासून जाते ती वरची कातडी. वय झालं की रेषा उथळ होतात हे खरं. पण झीज कष्टाची असेल, जखम खोल नसेल आणि हाताला काही आठवडे विसावा मिळाला, तर आतली तीच नक्षी हळूहळू वर येते. नवी नव्हे, जन्माची.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. त्यानंतर पहिल्यांदा सुनेबरोबर बँक मित्राकडे गेली तेव्हा आत्तीनं सवयीनं आधी पोराची माफी मागून घेतली आणि अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला. पोरगा दचकला. रांगेतले लिंबूवाले गृहस्थ म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो?" आत्तीनं पैसे मोजले, कनवटीला लावले आणि म्हणाली, "मी हाय, ह्ये त्याला आत्ता समजलं." घरी आल्यावर तिनं पुन्हा खुरपं हातात घेतलं, आणि रेषा परत गेल्या तर काय करशील असं सुनेनं विचारलं तेव्हा, "मग परत बसीन की खाटंवर," असं रुबाबात सांगितलं. आणि एसटीत? आता ती खिडकीशी ऐसपैस बसते. नव्या कंडक्टरनं कार्ड मागितलं तर कार्ड दाखवते आणि वर ऐकवते, "ह्यो रस्ता आमी केलाय. सावकाश चालवा म्हणावं." ट्रंकेतलं एक लुगडंही बाहेर आलं आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून गेलेला नाही.

तुमच्याही घरात अशी एक आत्ती असेल, मावशी असेल, आजोबा असतील. सगळ्यांचे उपकार मोजणारे आणि स्वतःला हिशेबातून वगळणारे. त्यांना हार घालू नका, त्यांच्यावर भाषणं करू नका. त्यांना संकोच होतो आणि हार दुसऱ्या दिवशी वाळतो. त्याऐवजी एक वही घ्या, त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: किती पाट्या, किती घागरी, किती शिवणं, किती रात्रपाळ्या, किती जणांच्या उशाशी बसलात? आकडे लिहा, गुणाकार त्यांच्यासमोर करा आणि उत्तर मोठ्यानं वाचून दाखवा. आणि ही आत्ती तुम्ही स्वतःच असाल, तर ज्यांचे आभार मानायचेत त्यांची यादी जरूर करा. सगळ्यात वर नको वाटत असेल तर सगळ्यात खाली, पण तिच्यात एक नाव स्वतःचं लिहा. सही येत नसेल तर अंगठा चालेल.